पैलवानाच्या पोटऱ्या

"अजून एक मारून दाखव ताईला," किसन पैलवान म्हणाले, आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू ओंकार माझ्यासमोर बैठक मारायला खाली गेला.

खाली सहज गेला. वर यायला मात्र त्याने आधी दोन्ही हात जमिनीला टेकले, मग गुडघ्यांना धरलं, मग एकेक हात मांडीवर रोवत, स्वतःच्याच अंगावरून चढावं तसा उभा राहिला. मग माझ्याकडे बघून हसला. पुढचा एक दात नव्हता.

"बघितलं का?" पैलवान म्हणाले. "उठतानी बी मांडीवर हात. कोणी शिकवलं न्हाई. रक्तातच शड्डू हाय त्याच्या. आन् ह्या पोटऱ्या बघा. चालतंय बी चवड्यावर, आखाड्यात उतरल्यावानी."

माझ्या पिशवीत त्याच पोराचा रिपोर्ट होता. फुगलेल्या पोटऱ्या, चवड्यावरची चाल, मांडीला धरून उठणं. आमच्या पुस्तकात ही तीन लक्षणं एकाखाली एक छापलेली असतात आणि वर स्नायू झिजवणाऱ्या आजाराचं नाव असतं: मस्क्युलर डिस्ट्रॉफी. पैलवानांनी तीच तीन लक्षणं वाचली होती. फक्त त्यांचं पुस्तक वेगळं होतं.

मी स्नायूंवर संशोधन करते. नोकरी पुण्याच्या एका संस्थेत, माहेर हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावचं. स्नायूला इजा झाली की तो पुन्हा कसा तयार होतो, हा माझा विषय. लॅबमध्ये माझे दिवस काचेच्या ताटल्यांतल्या पेशी आणि उंदीर यांच्यात जातात. पण हिंगोलीकडच्या कुटुंबांची तपासणी निघाली की मी हट्टाने स्वतः येते. माणसं बघितली की उंदरांकडे परत जायला बळ येतं. शिवाय भाकरी-ठेचा मिळतो, हेही खरं.

गोरेगावच्या पुढच्या एका वस्तीवर हे कुटुंब राहतं. शिबिरात ओंकारचं रक्त घेतलं होतं आणि जीन तपासणीत आजार पक्का झाला होता. त्याची आई रेखा हिला मी आधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हा दोष आईकडून येऊ शकतो, पण तो कोणाच्या करणीचा नसतो, हेही पुन्हा पुन्हा सांगितलं. ती डोळे पुसून एवढंच म्हणाली, "ताई, मामंजीला तुमीच सांगा. पोराचा जीव कुस्तीत हाय आन् त्यांचा पोरात. जत्रंत नारळाची कुस्ती लावायची म्हणून रोज बैठका मारून घेऊन राहिले."

जत्रेच्या फडात मोठ्या कुस्त्यांच्या आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. जिंकणाऱ्याला नारळ मिळतो. जत्रा जवळ आली होती. या आजारात बैठका म्हणजे स्नायूंची नासाडी, आणि आखाड्यात कोणी उचलून आपटलं, एखादं हाड मोडलं, तर हे पोर पुन्हा पायावर उभं राहीलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. मला त्या दुपारी हे थांबवायचं होतं. आणि ते थांबवणारा माणूस एकच होता, तो माझ्यासमोर मिशीवर हात फिरवत बसला होता.

"मामा, तुमी तालमीत होता तव्हा अंग दुखायचं का?" मी विचारलं.

"दुखणारच की. दुखल्याबिगर अंग बनत न्हाई."

"ते दुखणं म्हंजी काय, ठाऊक आहे? मेहनत केली की स्नायूत बारीक बारीक फाटतं. मग स्नायूतच रफू करणाऱ्या पेशी असतात, त्या उठतात आन् फाटलेलं शिवून काढतात. आधीपेक्षा पक्कं. तुमचं अंग असं बनलं."

"बराबर."

"ओंकारच्या स्नायूत एक प्रोटीनच तयार होत न्हाई. शिवणीचा दोराच न्हाई म्हणा. साधं चाललं तरी थोडं उसवतं, बैठकीनं तर जास्तच. रफूवाल्या पेशी शिवून शिवून थकतात. मग तिथं मांस न्हाई, चरबी भरते. पोटऱ्या फुगल्यात त्या चरबीनं. त्या ताकदीच्या न्हाईत, मामा. आन् तो मांडीवर हात मारत न्हाई. मांडीत बळ न्हाई म्हणून हातानं टेका देतो."

अंगणात ओंकार शेळीच्या करडाशी बोलत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हंजी मीच फाडून राहिलो का त्याला?"

इतकी वर्षं परिषदांमध्ये अवघड प्रश्नांना उत्तरं दिलीत मी. असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं त्यांच्या छातीवर ठेवायचंही नव्हतं.

"आजार तुमच्यामुळं न्हाई. तो जन्मापासून आहे," मी म्हणाले. "बैठका मात्र आजपासून बंद. आन् नारळाची कुस्ती बी."

त्यांनी धोतर मांडीवरून वर सारलं. सत्तरीतही ती मांडी भक्कम होती. त्यावर थाप मारून ते म्हणाले, "हिच्यातलं काढा. लागंल तेवढं काढा आन् त्याला लावा. आजाचं हाय, परकं न्हाई."

"होत न्हाई, मामा."

"काहून?"

"दुसऱ्याच्या पेशी सुईनं घातल्या तर बऱ्याचशा मरून जातात. ज्या जगतात त्या सुईच्या जागेपासून फार हलत न्हाईत. आन् अंगात स्नायू शेकड्यानं. माझी अर्धी नोकरी याच्यातच गेली."

"मग इतकी वर्सं तुमी तिकडं करून काय राहिल्या?"

"उंदीर बरे केलेत काही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्यांच्या मिशीआड थोडं हसू आलं. "उंदीर," ते स्वतःशीच म्हणाले. मग तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. "मंग माझ्याजवळ त्याला द्यायसारखं काय उरलं, ताई?"

"हात," मी म्हणाले.

ओंकारला बोलावून मी बाजेवर आडवं केलं. त्याची टाचेमागची शीर आखडत चालली होती, म्हणून तो चवड्यावर चालायचा. ती रोज हळूच ताणावी लागते, न चुकता, नाहीतर पाऊल वाकडं होतं. मी करून दाखवलं. पैलवानांनी पाऊल हातात घेतलं आणि जन्मभराच्या सवयीने अंगठा पोटरीत असा काही रुतवला की पोर ओरडलं.

"रगडायचं न्हाई. ताणून धरायचं. बाळाचं पाऊल धरल्यागत."

"हे तर बायाचं काम हाय."

"म्हणूनच अवघड आहे. जमतंय का बघा."

दुसऱ्यांदा जमलं. एवढ्या मोठ्या पंजात ते पाऊल दिसेनासं झालं. तेवढ्यात ओंकारने विचारलं, "आबा, मंग माझी नारळाची कुस्ती?" पैलवान पाऊल धरून तसेच बसले. "बघू," एवढंच म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये आमच्या संचालकांचा फोन आला. "टिश्यू मिळाला का?" टिश्यू म्हणजे स्नायूचा तुकडा. लॅबला तो हवाच असतो.

"नाही, सर. जीनचा रिपोर्ट पुरेसा आहे. लेकराला अजून एक जखम कशाला?"

"मग दिवसभर केलंस काय?"

"बैठका बंद केल्या."

"बैठका?" सरांनी विचारलं. सर तसे चांगले आहेत, पण त्यांना उंदरांची जास्त सवय आहे.

जत्रेला मी मुद्दाम रजा काढून गेले. लहानांच्या कुस्त्या ठरवायचा मान त्या फडात किसन पैलवानांचा. कोणाची जोड कोणाशी लावायची, ते वजन-उंची नजरेने तोलून तेच सांगतात. त्या वर्षी ते खुर्चीवर बसले आणि मांडीवर ओंकारला बसवलं. पोरं येत गेली. ओंकार बोट दाखवायचा, "ह्याची त्याच्यासंगं," आणि पैलवान मोठ्याने तेच पुकारायचे. एका बापाने तक्रार केली की समोरचं पोरगं थोराड आहे. ओंकार म्हणाला, "थोराड दिसतंय, पण पाय कच्चे हाईत त्याचे." बारकं पोरगं जिंकलं. नारळ ओंकारच्या हातूनच दिला गेला. मी गर्दीत उभी राहून रडले आणि धुळीने डोळ्यांत पाणी आलं असं रेखाला सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

आता ओंकारला मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टने स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यात. त्याने आजार जात नाही, त्याचा वेग मंदावतो. हृदयाची तपासणी वेळेवर होते. परवा गेले तेव्हा त्याचा घोटा किती वाकतो ते मी मोजलं. आखडला नव्हता. या आजारात एवढं मिळालं तरी त्या दिवशी आम्हाला जेवण गोड लागतं.

निघताना पैलवान जीपपर्यंत आले. "किती दिस चालंल पोरगं?"

"सांगता येत न्हाई, मामा. एक दिवस खुर्चीत बसंल. औषधं येऊन राहिलीत, पण मी खोटी आशा देणार न्हाई."

"बसंल तव्हा पाय सरळ ऱ्हातील ना?"

"तुमी धरले तर राहतील."

"मंग मी हाय," ते म्हणाले आणि वळून घराकडे गेले. पाय ताणायची वेळ झाली होती.

रिपोर्ट कसा सांगावा यावर आमच्याकडे ट्रेनिंग होतं. शब्द कुठले वापरावेत, आवाज कसा ठेवावा, सगळं शिकवतात. त्यात मी माझ्यापुरती एक गोष्ट घातली आहे. रिपोर्ट सांगायला गेले की आधी बघून घेते, त्या घरात कोणाचे हात रिकामे राहणार आहेत.