पाठीमागची पकड

विल्फ मॉन्सीला रोज सकाळ झाली की धडकी भरायची. ॲग्नेस जागी होऊन छताकडे बघत पडलेली असायची, आणि तिला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं काम त्या घरात त्याच्याशिवाय करणारं कुणी नव्हतं.

उचलायची रीत त्याची स्वतःची होती, म्हणजे खरं तर आमच्या उत्तर इंग्लंडातल्या सगळ्या डोंगराळ मुलखाची. आमच्याकडची कुस्ती उभ्याने होते. पांढरी तंग विजार आणि वर नक्षीची मखमली चड्डी घालून दोन बाप्ये एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकतात, एक हात वरून आणि एक खालून घालून समोरच्याच्या पाठीमागे स्वतःची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवतात, आणि मग सुरू. बोटं सुटली की हरलात, मग पाय जमिनीवर कितीही घट्ट असोत. विल्फ तरुणपणी जत्रेजत्रेत ही कुस्ती खेळला, पुढे म्हातारपणापर्यंत पंच होता. दिवसभर दगडी बांध रचायचा, त्यामुळे पंजे असे की लोक हात मिळवायला कचरायचे.

ॲग्नेसशी लग्न ठरण्याआधीच्या हिवाळ्यात त्याला सरावाला जोडीदार मिळेना, तेव्हा हीच पोरगी कोटाच्या बाह्या सावरून आपल्या बापाच्या गोठ्यात उभी राहिली होती. ‘‘खांद्यावर हनुवटी ठेवायचीय ना? ठेव की. चावत नाही मी!’’ तिचा बाप कंदील घेऊन आत आला तेव्हा दोघं एकमेकांना मिठी मारून उभी. सराव चाललाय हे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

इंग्रजीला हाताने धरायला एवढे शब्द कशाला लागतात, देव जाणे. मुठीत धरलं तर ग्रिप, झडप घालून धरलं तर ग्रॅब, घाबरून धरलं तर क्लच, मायेनं धरलं तर क्लास्प. आमच्या दरीतल्या माणसाला सगळ्याला मिळून एक ‘हॉड’ पुरतं. पण ॲग्नेसच्या डोक्यातून एकेक गोष्ट नाहीशी होत गेली, नवऱ्याचं नाव गेलं, लेकीचं गेलं, चमच्याला काय म्हणतात तेही गेलं, आणि मागे उरले ते नेमके हे धरण्याचे शब्द. चहाचा मग हातात दिला की ‘‘ग्रिप’’ म्हणायची. दारात अनोळखी माणूस दिसलं की ‘‘क्लच, क्लच’’ करत विल्फची बाही ओढायची. संध्याकाळी तो शेजारी बसला की मात्र ‘‘हॉड.’’ मग तो तिचा हात हातात घ्यायचा आणि बातम्या संपेपर्यंत सोडायचा नाही.

तेवढ्यासाठी तो वाटेल ते सोसायला तयार होता. पण बोटं साथ देईनात. संधिवाताने सांधे सुजले होते, आकडा पूर्वीसारखा बसत नव्हता. गेल्या आठवड्यात उचलता उचलता ती घसरली आणि दोघंही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. टपालवाली येईपर्यंत तशीच बसून राहिली.

‘‘खाली काय करताय दोघं?’’ तिने विचारलं.

‘‘सहल काढलीय,’’ विल्फ म्हणाला. ‘‘सँडविच संपले.’’

टपालवाली हसली, पण तिने लिनला फोन केलाच. लिन म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, कार्लाइलला असते. ती दुसऱ्या दिवशी येऊन थडकली.

‘‘डॅड, बास झालं आता. पेनरिथच्या त्या वृद्धाश्रमात जागा आहे.’’

‘‘तिथे तिला कोण ओळखतं?’’

‘‘ती तरी कुणाला ओळखते?’’ लिन बोलून गेली आणि मग तोंड फिरवून कपबश्या विसळत बसली.

शेवटी असं ठरलं की सरकारी थेरपिस्ट येऊन बघेल. उचलायचं यंत्र मिळालं असतं, पण त्या बुटक्या खोलीत ते मावणारं नव्हतं, आणि उचलायला रोज दोन मदतनीस बायका एवढ्या वर डोंगरात यायला तयार नव्हत्या. विल्फला सुरक्षित उचलता आलं तर ॲग्नेस घरी राहील. नाही तर पेनरिथ.

त्या दिवसापासून विल्फच्या जिवाला चैन नव्हतं. तो तासन्‌तास गरम पाण्यात हात बुडवून बसायचा, उकडलेला बटाटा मुठीत दाबायचा. चर्चमध्ये फक्त कुणाच्या तरी मयतीला जाणारा हा माणूस, ओट्यापाशी उभा राहून चक्क देवाची विनवणी करायला लागला. पाय घे, डोळे घे, पण ही दहा बोटं एवढी ठेव. रडू यायचं तेव्हा नळ सोडायचा.

थेरपिस्ट आली ती जॅकी हॉगार्थ नावाची, चांगली मनमिळाऊ बाई. तिने विल्फच्या हातात मुठीची ताकद मोजायचं, दाबायचं यंत्र दिलं, काटा बघितला आणि वहीत टिपून घेतलं.

‘‘असं उचलायला आम्ही कुणाला शिकवत नाही, मिस्टर मॉन्सी. पण तुम्ही रोज कसं करता ते मला बघू द्या.’’

विल्फ पलंगापाशी वाकला. ‘‘चल पोरी. हॉड.’’

ॲग्नेसने हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली. त्याने तिच्या पाठीमागे बोटं अडकवली, दम कोंडला आणि उठला. ती उठली. तो वळला. खुर्ची पावलाभरावर होती आणि तेवढ्यात त्याच्या बोटांतली ताकद गेली. आकडा सुटला. दोन्ही हात तिच्या पाठीवर नुसते टेकलेले राहिले.

ॲग्नेस पडली नाही. तशीच उभी राहिली. जॅकी आणि लिन खुर्चीच्या बाजूला होत्या, त्यांना पाठीमागचं काहीच दिसलं नव्हतं.

‘‘छान,’’ जॅकी म्हणाली. ‘‘आता हळूच बसवा.’’

हे सगळं विल्फच्या कानावर पडत होतं. एक पाऊल टाकायचं, ती घरी राहणार होती. पण नियमाचा पुढचा भाग पंचाइतका कुणाला ठाऊक असणार? दोघांचीही पकड सुटली असेल तर कुणीच हरत नाही, पुन्हा धरायचं आणि पुन्हा खेळायचं. एकाची सुटली आणि दुसऱ्याने धरून ठेवलंय, तर सुटलेला हरला. विल्फ हलला नाही. सगळं लक्ष त्याने स्वतःच्या पाठीवर नेलं. तिचे हात सुटलेले असू देत, एवढंच मागत राहिला.

तिची बोटं तिथे होती. त्याच्या पाठीमागे एकमेकांत अडकवलेली, घट्ट, सदऱ्यावरून सांधे रुतावेत इतकी. दोघांचा सगळा भार ॲग्नेसने धरला होता. उद्या त्याची बोटं पुन्हा सुटली आणि तिची तगली नाहीत, तर फरशीवर तीच आपटणार होती.

‘‘मिस्टर मॉन्सी? बसवताय ना?’’

‘‘हरलो,’’ विल्फ म्हणाला.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘माझी सुटली. तिची नाही सुटली.’’

जॅकीला काही उमगलं नाही. लिनला उमगलं. पंचाची पोर ती, लहानपणापासून मैदानाच्या कडेला बसलेली. तिने तोंडावर हात दाबला आणि धावत येऊन आईला बाजूने सावरलं. मग एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने ती बापाच्या पाठीवरची बोटं सोडवायला लागली. ॲग्नेस सोडत नव्हती. एक बोट उघडलं की आधी उघडलेलं ती पुन्हा अडकवत होती.