मिठाचा करंट

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्यातल्या एका कॉलेजात पीएचडी करत होते आणि माझे गाईड डीएनएच्या एकेका रेणूला सोन्याचे इलेक्ट्रोड जोडत होते. निदान सगळ्यांना तसं सांगत होते. प्रत्यक्षात काचेवर सोन्याच्या दोन पट्ट्या होत्या आणि मध्ये डोळ्याला न दिसणारी फट. तिच्यावर मी डीएनएच्या द्रावणाचा थेंब ठेवायचा, सुकवायचा, व्होल्टेज द्यायचं. एकच रेणू नेमका आडवा पडून दोन्हीकडे चिकटलाय, हे कशावरून? सर म्हणतात म्हणून.

एका दमट दुपारी मीटरचा आकडा हलला. डीएनएतून वीज वाहते म्हणत सरांनी लगेच पेढे मागवले. आठवड्याभरात नौपाड्यातल्या एका हॉलात त्यांचं व्याख्यान आणि सत्कारही ठरला.

पुढे दोन दिवस हवा कोरडी होती, तर करंट गायब. लॅबमधले अटेंडंट काका मिठागरावर वाढलेले. काचा धुताना त्यांनी विचारलं, "त्यात मीठ हाय ना?"

"आहे थोडं."

"मंग दमट हवेत पानी सुटनारच की!"

ओल्या मिठातून करंट जाणारच, हे मला सुचू नये? दोन वर्षं मीही नुसती मान डोलावत होते. पुन्हा हवा दमट झाली तेव्हा मी डीएनए न घालता नुसत्या मिठाच्या पाण्याचा थेंब सुकवला. तेवढाच करंट! सरांना सांगितलं.

"अगं, डीएनए नसताना काय होतं ते कशाला बघायचं? आपला विषय डीएनए आहे!"

इतकं निर्बुद्ध वाक्य मी डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

हॉलात शाल झाली, नारळ झाला. व्याख्यानानंतर एका निवृत्त इंजिनियरांनी विचारलं, "डीएनए न घालता मोजलं होतं का?"

"अर्थात! माझ्या विद्यार्थिनीनंच मोजलंय. सांग गं."

मी उभी राहिले. "मोजलं. तेवढाच करंट आला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही. इंजिनियर तेवढे माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गाईड बदलण्याचा अर्ज दिला. "हिला ताण झेपला नाही," असं सर कॉलेजभर सांगत सुटले आणि पुढे विभागप्रमुख झाले. मी डोंबिवलीत घरी सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, "पण टाळ्या तर तुलाच पडल्या ना?"

नव्या गाईडबाईंकडे मी पहिल्यापासून सुरुवात केली.