गंजलेल्या बोल्टांची पूजा

ओसाड जागा पाहत हिंडायची मला खोड आहे. भिंतीतून उगवलेला पिंपळ दिसला की माझा कॅमेरा आपोआप वर जातो. खंडेनवमीला, घरोघर अवजारं पुजतात त्या दिवशी, मी आमच्या गावाबाहेरच्या बंद सूतगिरणीत शिरलो. यंत्रं केव्हाच भंगारात गेलीत. ती ज्यांवर बसवली होती, ते जमिनीत रुतलेले बोल्ट कापून न्यायची तसदी तेवढी कुणी घेतली नाही.

एक म्हाताऱ्या बाई वाकून त्या गंजक्या बोल्टांना हळदकुंकू लावत होत्या. हातात झेंडूचं एकच फूल.

"मावशी, यंत्र कुठं आहे आता?" मी म्हणालो.

"माझं इथंच होतं, खिडकीसमोर. सूत कातायला होते मी."

राजांच्या वाट्याला निदान पडके बुरूज तरी येतात. इथं बायामाणसांनी हयात घालवली आणि मागं राहिलं काय, तर चोरांनीही सोडून दिलेलं लोखंड. कॅमेरा वर उचलावासा वाटेना.

फूल ठेवून त्यांनी हात जोडले, मग मान वर करून भिंतीकडे पाहिलं. खिडक्या चौकटींसकट गेलेल्या. भिंतभर सारखीच भगदाडं. त्या पुढच्या बोल्टांपाशी गेल्या, पुन्हा मागं आल्या.

"हे माझं नव्हे वाटतं." फूल उचलायला त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. "राहू दे. कुणाचं होतं, ते आता कोण सांगणार?"