पाटीवरची रिकामी ओळ

भोईर गुरुजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहा, असं गौरवसमितीनं कळवलं तेव्हा मी ते पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं. मी स्वभावानं भित्रा माणूस. कर्जतच्या हायस्कुलात उभी हयात शिकवण्यात गेली, तरी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी घसा कोरडा पडायचा तो पडायचाच. त्यातून गुरुजींची नजर अजून तीक्ष्ण आहे. या लेखात चूक सापडली तर ती भर समारंभात दाखवायला ते मागेपुढे पाहणार नाहीत.

त्यांची माझी पहिली भेट हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमात झाली. मी नोकरीला नवा होतो. गुरुजी डोंगराच्या पायथ्याच्या गावात प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. बेचाळीसच्या चळवळीनंतर आमच्या डोंगरात लपलेल्या दोन तरुणांना पोलिसांनी घेरून गोळ्या घातल्या होत्या. स्वातंत्र्य आल्यावर गावकरीच दर वर्षी त्या जागी दिवा लावत. त्या वर्षी प्रथमच सरकारनं तो दिवस पाळायचं ठरवलं होतं. प्रांतसाहेबांची जीप आली, झेंडा दोरीला बांधून तयार झाला, आणि गुरुजी दोरी मुठीत धरून उभे राहिले.

"वरच्या वाडीची मान्सं अजून उतरली नायत," ते म्हणाले. "ती आल्याबिगर झेंडा चढायचा नाय."

साहेब घड्याळाकडे बघत होते. गाणं म्हणणाऱ्या मुलांच्या रांगेपुढे मी उभा होतो आणि आपली नोकरी आजच जाते की काय या विचारानं मला घाम फुटला होता. अखेर वाडीची माणसं आली आणि लांब आंब्याखाली थबकली. गुरुजींनी स्वतः जाऊन त्यांना पुढच्या सतरंजीवर आणून बसवलं. त्याबरोबर पायथ्याच्या गावातले काही जण उठून चालते झाले. प्रकरण काय आहे ते मला नंतर हळूहळू समजलं.

पोलिसांना खबर कोणी दिली, हा तो वाद होता. गाव म्हणे, वरच्या ठाकरवाडीनं दिली. वाडी म्हणे, तुमच्यातल्याच कुणीतरी दिली. पुरावा कुणाकडेच नव्हता. गुरुजी स्वतः त्याच गावचे, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्या घरातले. दोन्ही ठिकाणांची नावं मी इथे लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते पुढे कळेलच.

गुरुजींची काम करण्याची एक रीत आहे. कोणाचीही हकिगत ते एकट्यानं ऐकत नाहीत. गावकऱ्यानं काही सांगितलं की वाडीतल्या माणसाला शेजारी बसवून तेच पुन्हा सांगायला लावतात, आणि वाडीतल्यानं सांगितलं की गावकऱ्यासमोर. या रीतीपायी त्यांनी मला डोंगरावर इतक्या वेळा चढवलं की माझ्या चपलांचा हिशेब मांडला तर गौरवसमितीला माझी वर्गणी मलाच परत द्यावी लागेल. बहुतेक बैठकांत भांडणं झाली. काही वेळा मात्र बोलणारा मध्येच थांबून म्हणाला, "आता नक्की नाय सांगता येत, गुरुजी." असं कुणी म्हणालं की गुरुजींचा चेहरा उजळायचा.

पुढे खालापुरात हुतात्म्यांचं संग्रहालय करण्याचं सरकारनं ठरवलं. दालनात एक बंदूक, एक घोंगडी, काही फोटो आणि मोठ्या पाटीवर सगळी हकिगत, अशी योजना होती. स्थानिक समितीत गुरुजींना घेतलं. पाटीचा मजकूर वरून तयार होऊनच आला. त्यात एक वाक्य होतं, 'अमुक वाडीतील लोकांनी फितुरी करून पोलिसांना खबर दिली.' अमुकच्या जागी अर्थातच वाडीचं नाव होतं. मंत्र्यांची तारीख ठरलेली, समितीतले बाकीचे सह्या करून मोकळे झालेले. गुरुजींनी सही केली नाही.

मजकूर मंजूर करणारे साहेब तेव्हा सहकुटुंब माथेरानला मुक्कामी होते. गुरुजी मला म्हणाले, "मास्तर, चला." मी अंग दुखत असल्याचं सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. नेरळहून आम्ही पायवाटेनं चढलो. साहेब हॉटेलच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. माणूस सभ्य होता. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, मग खबर दिली कोणी?"

"ठावं नाय, साहेब."

"संग्रहालयाच्या पाटीवर 'ठाऊक नाही' असं लिहीत नाहीत."

तेवढ्यात हॉटेलातला पन्नाशीचा एक नोकर चहाचा ट्रे घेऊन आला. गुरुजी म्हणाले, "साहेब, ते वाक्य येकदा मोठ्यांदा वाचून दावा." साहेबांना ते चमत्कारिक वाटलं असावं, पण त्यांनी कागद घेतला आणि वाचलं. वाडीचं नाव आलं तसा नोकरानं साहेबांपुढे धरलेला कप परत ट्रेत ठेवला. साहेबांनी वर पाहिलं.

"हा धर्मा," गुरुजी म्हणाले. "त्याच वाडीचा. त्या गोळीबारानंतर ह्याच्या बापाला पोलीस घेऊन गेले, तो परत आला नाय."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा मनाशी वाचला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या वाक्यावर रेघ मारली.

मला वाटलं, आता गुरुजी खूश होऊन उतरायला लागतील. पण ते हॉटेलच्या मागे भटारखान्याकडे वळले. धर्मा तिथं कपबश्या विसळत होता. गुरुजी त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "धर्मा, तुला न इचारता तुझ्यादेखत वाचाया लावलं रं. ह्ये माजं चुकलं." मुख्याध्यापक माणूस नोकरासमोर मान खाली घालून उभा आहे, हे मी प्रथमच पाहत होतो.

धर्मानं हात पुसले. "चाललं, गुरुजी," तो म्हणाला. "तुमी येकदाच वाचाया लावलं. भिंतीवर लिवलं असतं तं आमच्या पोरांनी रोज वाचलं असतं."

पाटी रंगवून झाली होती. पेंटरनं ते वाक्य पुसलं, पण त्याजागी काय लिहायचं ते कोणीच कळवलं नाही. उद्‌घाटनाला पडदा सरकला तेव्हा मजकुराच्या मधोमध एक ओळ कोरी होती. मंत्र्यांनी ती वाचली की नाही, देव जाणे.

गावानं मात्र वाचली. आपल्या गुरुजींनीच आपल्यावर संशय ओढवला, असा गावाचा समज झाला. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात वाडीची माणसं होती, आम्ही शाळेतले होतो, आणि गावातून त्यांच्या सख्ख्या भावाखेरीज कोणी फिरकलं नाही. गुरुजी वाढपात दंग असल्यासारखे वावरले. त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा रस्त्याकडे जात होते ते मी पाहत होतो, आणि ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

काही तापलेली मंडळी माझ्याही बिऱ्हाडाबाहेर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजी वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आले आणि माझ्या ओटीवर शेंगा सोलत बसले. मंडळी पुन्हा आली. गुरुजींनी त्यांच्यापुढेही शेंगा सरकवल्या. हळूहळू सगळेच सोलायला लागले आणि बोलणं भाताच्या भावावर गेलं. माझ्यावर आलेलं संकट त्यांनी असं ओटीवरच मिटवलं.

कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, साहेब बदलले, समितीतले बाकीचे सदस्य एकेक करून गेले. ती ओळ कोरीच राहिली. दर हुतात्मा दिनाला गुरुजी दालनात जाऊन ती तशीच आहे ना, हे बघून येतात.

आता दालन वाढवायचं ठरलं आहे आणि रंगवलेल्या पाटीऐवजी संगमरवरी बसणार आहे. नव्या मजकुरात ते वाक्य परत आलं आहे, वाडीच्या नावासकट. दगडात कोरलेलं कोण पुसणार? दिवाळीनंतर खालापुरात बैठक आहे आणि मूळ समितीच्या सदस्यानं किंवा त्यानं पाठवलेल्या माणसानं हजर राहून आपलं म्हणणं मांडावं, असं कळवलं आहे. असे सदस्य आता एकटे गुरुजीच. आणि श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. परवा भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. नवा मजकूर माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्तर, वाचा." मी वाचला. "मोठ्यांदा." पुन्हा वाचला. वाडीचं नाव आलं तिथं माझा आवाज चिरकला.

"हां," गुरुजी म्हणाले. "तिथंच थांबायचं. आन साहेबाकडं बघायचं."

गुरुजी, या ग्रंथात सगळेजण तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य चिंततील. माझं मागणं तेवढं मोठं नाही आणि निःस्वार्थीही नाही. तुमची छाती बरी होवो, डॉक्टरांनी परवानगी देवो, आणि दिवाळीनंतर खालापूरच्या बैठकीतल्या खुर्चीत तुम्हीच बसलेले असा. त्यापुढची वर्षं तुम्ही नातवंडांत, वालाच्या शेंगा सोलत, सुखानं घालवा. मी रोज दार लावून ते वाक्य मोठ्यांदा वाचतो आहे. वेळ आलीच तर खुर्चीत मी बसेन. घसा कोरडा पडेल, पण नावापाशी थांबेन आणि साहेबांकडे बघेन.