शिपाईबाईंची चार वर्षं

कचेरीत त्याला सगळे अचूकराव म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे दात काढून. सव्वीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. चूक नेहमी कागदाची, छपाईयंत्राची, नाहीतर बदली होऊन गेलेल्या कारकुनाची.

नवा संगणक आला आणि भांडार विभागातल्या एकशे चाळीस माणसांच्या जन्मतारखांच्या जागी पाच-पाच आकडी संख्या उमटल्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अचूकरावाने मात्र आख्खा रकाना निवडला, 'तारीख' हा पर्याय दाबला, आणि संख्यांच्या तारखा झाल्या. कॉलर ताठ करून तो चहाला गेला.

सोमवारी भांडारातल्या शिपाईबाईंच्या हातात निवृत्तीचा आदेश पडला.

"दादा, माझी अजून चार वर्षं आहेत हो," त्या त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "लेकीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. मी आता करू काय?"

"संगणक चुकत नाही, बाई," तो म्हणाला खरा, पण त्या गेल्यावर त्याने त्यांचं जुनं सेवापुस्तक उघडलं. बरोबर चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक! त्या पाच आकडी संख्या म्हणजे दिवसांची मोजणी; जुना संगणक ती करायचा १९०४ सालापासून, नवा करतो १९०० पासून. हे न तपासताच या शहाण्याने सगळा विभाग एका दुपारात म्हातारा करून ठेवला होता.

तो साहेबांकडे गेला.

"आदेश निघालाय," साहेब म्हणाले. "एका बाईसाठी आता फायली कोण उकरणार?"

"साहेब, तुम्हीही भांडारातूनच वर आलात, तुमचं नाव अजून त्याच यादीत आहे. यादीप्रमाणे तुम्ही गेल्याच वर्षी निवृत्त झालात."

साहेब ताडकन उठले. "माझी तारीख आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा! माझी तेवढीच. आणि कारण लिहा, यंत्राचा दोष."

आयती पळवाट होती. नाव शाबूत राहिलं असतं, साहेबही खूश. अचूकरावाने कोरा कागद पुढे ओढला. त्याला मनापासून स्वतःची लाज वाटली. मग त्याने लिहिलं: 'चूक माझी. तपासणी न केल्याने एकशे चाळीसही तारखा चुकल्या. सर्व दुरुस्त करून शिपाईबाईंचा आदेश रद्द व्हावा.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्या एकशे चाळीसांत त्यांची स्वतःची तारीखही होती. दात-ओठ खात त्यांनी सही केली.