ब्रेक घेऊ नको

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बौद्धवाडीतल्या काळूरामनं पुरातून म्हैस ओढून आणली होती, ठेकेदाराच्या शिव्या पचवल्या होत्या. पण ‘ब्रेक’ या एका शब्दाला तो भ्यायचा. खोपोलीच्या एका तारेच्या कारखान्यात तो वीसेक वर्षं माल चढवायला होता, आणि सगळी वर्षं टेंपररी. सहा-सात महिने भरत आले की ठेकेदार खांद्यावर हात ठेवून गोड बोलायचा, “काळूराम, आता जरा ब्रेक घे.” सलग भरले असते तर परमनंट करावं लागलं असतं ना! मग हा गडी घरी, बायको मालनबाई दुसऱ्यांच्या शेतावर, आणि ताटात नुसता पाणचट रस्सा. लेक पौर्णिमा शाळेत जायच्या आधीपासून तो शब्द ओळखत होती.

परमनंट न होताच काळूराम रिटायर झाला. रिटायर कसला, एका ब्रेकनंतर त्याला परत बोलावलंच नाही.

पौर्णिमा मात्र कुठल्या कुठे गेली. कर्जतच्या कॉलेजातून पुण्याच्या संशोधन संस्थेत, आणि पीएचडी करता करता इटलीला. ताऱ्यांभोवती धूळ असते, ती कुठून येते हे शोधायचं तिचं काम. “घरातली धूळ कधी झाडली नाय, आता आभाळातली बघतेय,” असं मालनबाई म्हणायची आणि विहारात भेटेल त्या बाईला हेच परत सांगायची. इटलीतला मुक्काम अकरा महिन्यांचा होता. डिसेंबर सरता सरता परत यायचं आणि थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची, असं मायलेकींचं ठरलेलं. शेंगांसाठी मडकंसुद्धा मालनबाईनं आणून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर मालनबाईचं पोट दुखायला लागलं. कर्जतच्या डॉक्टरनं पनवेलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं काळूरामला बाहेर बोलावून सांगितलं की आजार हाताबाहेर गेलाय. किती दिवस, ते त्यानं सांगितलं नाही आणि काळूरामलाही विचारवलं नाही.

त्याच आठवड्यात पौर्णिमाचा फोन आला. “बाबा, इथले सर म्हणतात आणखी दोन महिने राहा, काम चांगलं चाललंय. पण माझं मन नाय. आईचा आवाज मला बरा वाटत नाय. येऊ का?”

दुसरा कुणी बाप असता तर ‘ये’ म्हणाला असता. काळूरामला मात्र ठेकेदाराचा हात खांद्यावर जाणवला. ते ठेवतो म्हणतात आणि ही निघते? मध्येच हललेल्या माणसाची जागा दुसरा घेतो, एवढं एकच शिक्षण कारखान्यानं त्याला फुकट दिलं होतं.

“आई बरी हाय,” तो म्हणाला. “पोटाचं हाय जरासं. तू ऱ्हा. ब्रेक घेऊ नको गं पोरी. सलग ऱ्हायलीस तर कायमची ठेवतील.”

मालनबाई आतून ऐकत होती. “बोलवा ना तिला,” ती म्हणाली.

“दोनच म्हैने गं.”

तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि परत कधी तो विषय काढला नाही. लेकीशी फोनवर मात्र हसून बोलायची. कसं जमायचं, तिचं तिलाच ठाऊक.

फेब्रुवारी सरता सरता मालनबाई गेली. पौर्णिमा पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. जलदान विधीला ती आईच्या फोटोपाशी बसून राहिली. “कळवलं का नाय?” एवढंच तिनं विचारलं, आणि काळूराम म्हणाला, “एकाएकी झालं गं.”

वर्ष उलटलं, पौर्णिमा पीएचडी होऊन डॉक्टर झाली. मालनबाईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तिची मैत्रीण रूपा पुण्याहून आली होती. ती त्याच संस्थेतली. जेवणं झाल्यावर काळूरामनं तिला हौसेनं विचारलं, “इटलीवालं पुनीला कधी बोलावतात गं आता?”

रूपा भाबडेपणानं बोलून गेली. तरुण संशोधकांसाठी एक मोठी फेलोशिप निघाली होती, पौर्णिमाच्या इटलीतल्या सरांनी तिच्यासाठी जागाही धरून ठेवली होती. पण माणसानं देश बदलावा, नव्या ठिकाणी शिकावं म्हणून ती फेलोशिप. जो नुकताच त्या देशात वर्षाहून जास्त राहिलाय, त्याला ती नाही. “ते शेवटचे दोन महिने नडले, काका. वेळेवर परतली असती तर मिळाली असती. तेव्हा कुणाला माहीत होतं?”

काळूरामनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यभर ब्रेकनं त्याला मारलं होतं, आणि पोरीला त्यानं ब्रेक घेऊ न देऊन मारलं.

पौर्णिमा मागच्या पडवीत पातेली घासत होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

“पुनी, माज्यामुळं गेलं ना गं तुजं?”

कुणी सांगितलं, ते तिनं विचारलं नाही. “तुमाला कारखानाच ठावा, बाबा. तुमी भल्यासाठीच बोललात. त्याचं मला काय नाय. दुसरा देश बघीन.”

त्याच्या जिवात जीव आला. तो राख घेऊन तिच्याबरोबर एक पातेलं घासायला लागला.

मग तिनं विचारलं, “आई म्हनली व्हती का, मला बोलवा म्हणून?”

खोटं बोलायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. आधी बोललेलंच पुरे झालं होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “एकदाच म्हनली.”

पौर्णिमाच्या हातातलं पातेलं सुटलं. राखेचे हात तोंडावर घेऊन ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. काळूराम हातभर अंतरावर बसला होता, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचा त्याला धीर झाला नाही.