मी सोडलेला हुलगा

अक्कांना जाऊन आता पाच आठवडे होतील. मंगळवारी पहाटे त्या गेल्या, आणि त्याच्या आधीच्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, घरात कुणी नाही असं बघून मी त्यांना वाडगाभर शेंगोळे खाऊ घातले होते. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाची वेटोळी वळून रशात शिजवलेले, लसूण-मिरची ठेचून घातलेले, कढत कढत. दौंडच्या डॉक्टरांनी कडधान्य, तिखट, मीठ सगळं बंद म्हणून कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद वाचता येणारी घरात मी एकटीच. आमचे हे दौंडला रेल्वेत, ते रविवारपुरते यायचे. ‘धाकटे, तू सातवी झालेली. पथ्य तू सांभाळ,’ असं दादांनी, म्हणजे अक्कांच्या मालकांनी, माझ्या थोरल्या दिरांनी, मलाच बजावलं होतं. आणि मीच ते मोडलं. शनिवारी शेंगोळे आणि मंगळवारी माणूस गेलं... याचा अर्थ लावायला सातवीसुद्धा लागत नव्हती.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लढाई सुरू झाली त्या साली मी लग्न होऊन काष्टीला आले. माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं, पाटाच्या पाण्याचं. आमच्याकडं गहू, हरभरा, तूर. हुलगा म्हणजे भरडून बैलांपुढं टाकायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात गेले तर चुलीवर हे एवढं पातेलं, आणि त्यात हुलगे रटरटतायत. नव्या सुनेनं काहीतरी बोलावं म्हणून मी आपलं विचारलं, ‘बैलं किती आहेत हो आपली?’ अक्का म्हणाल्या, ‘चार. का गं?’ मी म्हटलं, ‘नाही, एवढं शिजवलंय म्हणून...’ अक्कांनी माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, लुगड्याला हात पुसले आणि दारात जाऊन हाळी दिली, ‘चला रं बैलांनो, वैरण घातली!’ सासरे, दादा, आमचे हे, सगळे येऊन पंगतीला बसले आणि अक्कांनी हसता हसता सगळ्यांना कारण सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून मी ‘पुणतांबेकरीण’ झाले, आणि ताट वाढताना ‘वैरण वाढू का?’ हे ठरलेलं.

बाई होत्या मोठ्या हाडाच्या, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या रानात हाक जावी. कडधान्यावर त्यांचा जीव. मटकी भिजवून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायच्या आणि थंडीच्या दिवसांत ते गाठोडं चुलीच्या उबेला ठेवून झोपायच्या. सकाळी मोड आलेले दिसले की घरात पाहुणा आल्यासारखा चेहरा. पावट्याचा हंगाम आला की शेंगा सोलता सोलता निम्मे दाणे कच्चेच तोंडात. आणि माझ्या हातचं काही म्हणून त्यांना पसंत नसायचं. आमटी पातळ झाली, उसळ करपली, फोडणी लागली. शेंगोळे वळताना तर शेजारी बसून सुरूच, ‘आगं, येवढे जाड? म्हशीच्या गळ्यात घालायचं हाईत का?’ एकदा मी चिडून पिठाचा गोळा परातीत आपटला, म्हटलं, ‘मग तुम्हीच वळा!’ तर खरंच वळायला बसल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, ‘राग बी लई हाय गं तुला. बरं हाय. रागीट बाईच्या हाताला चव असती.’ मी वाट बघत राहिले, की आता पुढं म्हणतील, तुझ्या हाताला चव आहे. छे! नाव नको.

टंचाईच्या वर्षी जोंधळा लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, गेला आणि घरात उरला हुलगा. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, दुपारी उसळ, संध्याकाळी पुन्हा शेंगोळे. त्याच वर्षी माझं पहिलं बाळंतपण झालं. पाचवीच्या दिवशी ताप भरला आणि उतरेना. माहेरच्यांना बोलावून घ्या, असं सुईण दादांना बाहेर जाऊन सांगत होती ते मला ऐकू आलं. अक्कांनी हुलग्याचं कढण केलं, भांडं माझ्या तोंडाला लावलं आणि दरडावलं, ‘पी! तोंड वाकडं करू नगंस. बैलं बी खात्यात, येक बी मेला न्हाई.’ बारा दिवस त्या माझ्या उशापासून हलल्या नाहीत. मी उठले, लेक जगली. तेव्हापासून हुलग्याला नाव ठेवायची माझी छाती झाली नाही. मला ज्यानं उठवलं तेच मी त्यांना शेवटी द्यावं आणि त्यांनी जावं, हा विचार नंतर माझं काळीज कुरतडत राहिला तो यासाठी.

या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. मग पोटात पाणी झालं. दोन उशा लावल्याशिवाय श्वास पुरेना. मी कागद वाचून अळणी पेज द्यायची. पहिल्या घोटालाच त्या म्हणाल्या, ‘ह्ये म्हशीला पाजलंस तर शिंग मारंल.’ तरी प्यायच्या. दीड महिना प्यायल्या. आणि त्या शनिवारी, मी उशाशी बसले असताना, माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ‘धाकटे, शेंगोळं कर की. तुज्याच हातचं खावंसं वाटतंया. कुनाला सांगू नगंस, ह्यांस्नी तर अजाबात न्हाई.’ तुझ्याच हातचं! हे शब्द ऐकायला मी किती वर्षं झुरले होते! पथ्य, कागद, डॉक्टर, सगळं एका बाजूला राहिलं. मी चूल पेटवली, पीठ मळलं, कधी नव्हे इतक्या निगुतीनं शेंगोळे वळले. त्यांनी वाडगा भरून खाल्ले, भाकरीच्या तुकड्यानं वाडगा पुसून घेतला, आणि एकही शब्द न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तर हवेत होते. तीन दिवसांनी दादांनी हाक मारली तेव्हा बाहेर अजून उजाडलेलं नव्हतं...

मग जे दिवस गेले ते माझे मलाच ठाऊक. रडायचीसुद्धा चोरी. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, ‘सख्खी बहीण करणार न्हाई येवढं केलं हिनं,’ आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दादा ओसरीवर असले की मी परसदारानं जायची. थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्याकडं रीत नाही, दाराआडून काय ते बोलायचं. त्या रीतीचा त्या दिवसांत मला किती आधार झाला! दहाव्याला मी जाहीर केलं, अक्कांच्या नावानं मी हुलगा सोडला. कुणी काशीला जाऊन एखादी भाजी सोडतं तसा. बायका म्हणाल्या, ‘काय माया हो!’ माया कसली? हुलग्याचं मडकं दिसलं की मी तोंड फिरवायची.

पंधरवडा उलटला. पाहुणे गेले. अक्कांची लेक सोना तेवढी मागं राहिली होती. आणि रोज दुपारी यायची खातूनबी, शेजारच्या मुलाण्याची बायको. अक्कांची जिवाभावाची मैत्रीण. दुखण्यात रोज त्यांच्यापाशी येऊन बसायची. त्या दिवशी दादा सोनाला म्हणाले, ‘पोरी, आज तुझ्या आईचा गोतावळा कर.’ गोतावळा हे अक्कांनीच ठेवलेलं नाव. सगळ्या मडक्यांतलं मूठ मूठ कडधान्य, हुलगा, मटकी, घेवडा, एकत्र भिजवायचं आणि काळा मसाला घालून एकाच पातेल्यात शिजवायचं. घरभर वास सुटला. दादा म्हणाले, ‘आज तुमी बी संगंच बसा.’ मी दाराच्या आत पाट घेतला आणि भाकरी-चटणी वाढून घेतली. सोनानंही भाकरी आणि कांदाच घेतला. दादांनी विचारलं, ‘का गं? स्वतः रांधलं आन खात न्हाईस?’ ती म्हणाली, ‘मी मटकी सोडलीया, आईच्या नावानं.’ तेवढ्यात खातूनबी दारात आली. तिच्या भांड्यात घालायला सोनानं पळी उचलली तर ती मागं सरली. ‘नगं गं पोरी. ह्यात घेवडा हाय. म्या सोडलाय.’

दादांचा घास हातातच राहिला. आमच्या तिघींकडं बघत म्हणाले, ‘येकीनं हुलगा, येकीनं मटकी, येकीनं घेवडा. आगं, इचार करून वाटून घेतलं का काय?’ आणि खातूनबीला एकदम हुंदका फुटला. ‘दादा, म्या मारलं तुमच्या मालकिणीला! बेस्तरवारी पदराखाली घेवड्याचं सालन आणून खाऊ घातलं. म्हनली, खातून, तुज्याच हातचं...’ सोना ओरडली, ‘खातूनकाकी, तुमी न्हाई! रविवारी भेटाया आले तवा म्या मटकी दिली. मला म्हनली, तुज्याच हातची दे.’ मी पदर पुढं ओढून चौकटीला सांगितलं, ‘शनिवारी शेंगोळे मी दिले. पथ्य माझ्याकडं होतं. मारलं असेल तर मीच.’ आता ऐकून हसू येईल, पण त्या क्षणी आम्ही तिघी खून कुणी केला यावर हातघाईवर यायच्या बेतात होतो.

दादा आधी हसायला लागले. मग हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, ‘गप बसा गं बयांनो! कुनी बी मारलं न्हाई. दुसऱ्या खेपेला डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं हुतं. आता पथ्यानं काय हुनार न्हाई, खाल्ल्यानं बी काय बिघडनार न्हाई. मागतील ते द्या, चार घास सुखानं खाऊ द्या. म्या घरी येऊन कुनालाच बोललो न्हाई. पर तिनं माझं त्वांड बगितलं आन वळखलं. म्हनली, पोरींस्नी सांगू नगा. रडत रांधलेलं ग्वाड लागत न्हाई. मी येकेकीकडनं माझं मागून खाते.’ सोना म्हणाली, ‘आन तुमी पंधरा दीस गप?’ दादा म्हणाले, ‘मला काय ठावं तुमी ह्ये मनात धरून बसला? मला वाटलं, मायेनं सोडलंय.’

केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! छातीवर पाटा ठेवला होता तो कुणीतरी उचलून नेला. मी मारलं नव्हतं. डॉक्टरांनीच द्या म्हणून सांगितलं होतं, आणि अक्का सगळं जाणून, मजेत, एकेकीला गोड बोलून, आपल्याला हवं ते खाऊन गेल्या होत्या. खातूनबीनं मला मिठी मारली, आम्ही दोघी रडत होतो आणि हसत होतो. खोटं कशाला बोलू, जरासा रागही आला. ‘तुझ्याच हातचं’ म्हणे! तिघींनाही तेच!

माझा स्वभाव तर तुम्हांला आता कळलाच आहे. मी दाराआडून विचारलं, ‘दादा, अक्का माझ्या शेंगोळ्यांबद्दल काही बोलल्या होत्या का?’ दादा घुटमळले. म्हणाले, ‘बोलली. पर तुला सांगू नगा म्हनली हुती.’ ‘सांगा ना.’ ‘म्हनली, धाकटीनं मीठच घातलं न्हाई. माझ्यासाटी भ्यायली गं बाई.’

घातलंच नव्हतं. चिमूट हातात धरली होती, त्यांचे सुजलेले पाय डोळ्यांपुढं आले आणि ती पुन्हा बरणीत टाकली. मिरची आणि लसूण जास्त घातला, म्हटलं, कळणार नाही. माझ्या प्रत्येक पातेल्याला नाव ठेवणाऱ्या बाईनं, मिठासाठी दीड महिना आसुसलेल्या बाईनं, ते अळणी शेंगोळे शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ले आणि मला कळू दिलं नाही.

मी सोनाला म्हटलं, वाढ. तिनं पळीभर गोतावळा वाढला, मी आणखी मागितला. पंधरा दिवसांनी मला भूक लागली होती.

हल्ली दर शनिवारी मी शेंगोळे करते. बेतानं मीठ घालते, आणि मग हात थांबत नाही, त्या दिवशीची म्हणून आणखी एक चिमूट पडतेच. जरा खारट होतात. दादा मुकाट्यानं खातात.